स्टनगन घ्यायच्या आधी: व्होल्ट सोडा, सेकंद मोजा

मुलगी शिकायला पुण्याला निघाली, बहिणीची रात्रपाळी सुरू झाली किंवा आई गावच्या घरी एकटी राहायला लागली, की घरातलं कुणीतरी मोबाइल उघडून ‘शॉक देणारी टॉर्च’ शोधायला लागतं. काही शेकड्यांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत किमती, खोक्यावर लाखांत व्होल्ट, आणि व्हिडिओत एक धिप्पाड माणूस नुसत्या स्पर्शानं कोसळतोय. वस्तू घरी येते, दोन-चारदा कडकड करून बघितली जाते आणि पर्सच्या तळाशी जाते. ती खरंच बाहेर काढायची वेळ आली तर पुढे काय होईल, हा विचार खरेदीच्या वेळी राहूनच जातो.

माझं मत आधीच सांगतो. अंगाला टेकवून वापरायची स्टनगन, म्हणजे हीच शॉक देणारी टॉर्च, बहुतेकांसाठी पहिल्या पसंतीची वस्तू नाही. तरीही घ्यायची असेल तर ती पारखायची कशी, बाळगायची कशी आणि कोणत्या वेळी तिला हातही लावायचा नाही, ते पायरीपायरीनं बघू.

पायरी १: खोक्यावरचा आकडा पट्टीनं तपासा

हवेतून ठिणगी उडायला दर सेंटिमीटरला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. धातूची टोकं अणकुचीदार असतील तर त्याहूनही कमी. आता ज्या दोन टोकांमध्ये ठिणगी दिसते, त्यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजा. ते २ सेंटिमीटर असेल तर तिथला व्होल्टेज ६० हजारांच्या पुढे चढूच शकत नाही, त्याआधी ठिणगी पडून मोकळी होते. खोक्यावर ‘१ कोटी व्होल्ट’ लिहिलंय आणि ते खरं असेल, तर ठिणगी तीन मीटरपेक्षा लांब उडायला हवी. म्हणजे ती हातात धरणाऱ्यालाच आधी लागेल.

आणि व्होल्ट जास्त म्हणजे मार जास्त, हे गणितही चुकीचं आहे. थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना बसणारा बारीक चटका हजारो व्होल्टचा असतो. त्यानं कुणी आडवं पडत नाही, कारण त्यात वाहणारा विद्युतभार नगण्य असतो. चढा व्होल्टेज फक्त कपड्याची फट ओलांडायला उपयोगी पडतो. स्नायूंवर काय परिणाम होणार हे ठरतं विजेच्या प्रत्येक ठोक्यात किती विद्युतभार जातो, सेकंदाला किती ठोके पडतात आणि करंट शरीरातून किती लांबचा रस्ता घेतो यावर. अमेरिकी पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेल्या, लांबून शॉक देणाऱ्या टेझर एक्स-२६ या यंत्राचं जाहीर झालेलं व्होल्टेज ५० हजार आहे; प्रत्यक्ष शरीरावर ते सुमारे १,२०० व्होल्टवर येतं, आणि सेकंदाला १९ ठोके पडतात. स्वस्त स्टनगनच्या खोक्यावर विद्युतभाराचा आकडा बहुधा नसतोच. जिथे फक्त व्होल्टच मोठ्या अक्षरात आहेत, तिथे विक्रेत्याला तुम्हाला दुसरं काही सांगायचं नाही असं समजा.

पायरी २: टेझर आणि स्टनगन या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे पक्कं करा

बहुतेक गैरसमजांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

टेझर हे जॅक कव्हर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात तयार केलेलं यंत्र. पुढे १९९३ मध्ये स्मिथ बंधूंनी ॲरिझोनात कंपनी काढून ते बाजारात रुजवलं. तीच कंपनी २०१७ पासून ॲक्सॉन नावानं ओळखली जाते. त्यातून तारेला जोडलेल्या दोन बारीक आकड्या सुटतात आणि लांबवर जाऊन रुततात. जाताजाता त्या एकमेकींपासून फाकतात. एक छातीच्या खाली आणि दुसरी मांडीत बसली, तर मधल्या सगळ्या मोठ्या स्नायूंमधून करंट जातो आणि ते एकदम आखडतात. माणूस ठरवूनही हात हलवू शकत नाही, कारण स्नायू त्याचं ऐकतच नाहीत. व्हिडिओतला कोसळणारा माणूस बहुतेक वेळा हा असतो.

आपल्याकडे टॉर्चच्या रूपात मिळते ती स्टनगन. तिची टोकं तीन-चार सेंटिमीटरवर पक्की बसवलेली असतात. करंट एका टोकातून निघतो आणि कातडीच्या जवळूनच शेजारच्या टोकात परत येतो. तेवढ्या जागेत भयंकर वेदना होते, तिथला स्नायू थरथरतो, पण बाकीचं शरीर मोकळं राहतं. टेझरमध्येही आकड्या न सोडता यंत्र थेट अंगाला लावायची सोय आहे, आणि पोलीस प्रशिक्षणात तिच्याकडे केवळ वेदना देऊन माघार घ्यायला लावण्याचा उपाय म्हणूनच पाहिलं जातं.

वेदनेचा भरवसा किती धरायचा? जो सावध आहे, घाबरलेला आहे किंवा सोपं सावज शोधतोय तो हात मागे घेईल. दारू किंवा ड्रग्जच्या अमलाखाली असलेला, संतापानं बेभान झालेला कदाचित घेणार नाही, उलट चवताळेल. आकड्यांचा टेझरसुद्धा दर वेळी चालतो असं नाही. एपीएम रिपोर्ट्स या अमेरिकी पत्रकारितेच्या गटानं २०१९ मध्ये मोठ्या शहरांतल्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या. टेझर निष्प्रभ ठरल्यावर पोलिसांनी गोळी घालून माणूस मारल्याची अडीचशेहून अधिक प्रकरणं त्यांना तीन वर्षांत सापडली. रोज कमरेला यंत्र लावणाऱ्या प्रशिक्षित माणसांची ही गत.

आणखी एक. स्टनगननं माणूस बेशुद्ध पडत नाही. टोकं अंगावरून निघाली की वेदना जवळजवळ तिथल्या तिथे ओसरते. ‘पाच मिनिटं हलणार नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य सोडून द्या. तुम्हाला मिळतात ते क्षण, मिनिटं नव्हेत.

पायरी ३: पैसे खर्च करायच्या आधी घरात रिमोट घेऊन सराव करा

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मोजून मांडली. सुमारे २१ फुटांवर, म्हणजे साडेसहा मीटरवर उभा असलेला धडधाकट माणूस दीड सेकंदात अंगावर येतो. पोलिसांच्या पिस्तुलासाठी केलेलं हे गणित पर्समधल्या स्टनगनला तर जास्तच लागू पडतं.

टीव्हीचा रिमोट घ्या, तो तुमची स्टनगन. नेहमीच्या पर्समध्ये किंवा सॅकमध्ये, नेहमीच्याच कप्प्यात ठेवा आणि चेन लावा. भावाला किंवा मैत्रिणीला सहा-सात मीटरवर, पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर उभं करा. तिनं न सांगता धावत यायचं, तुम्ही रिमोट काढून वरचं बटण सरकवायचं, खालचं दाबायचं. मोबाइलवर चित्रीकरण करा म्हणजे भांडण होणार नाही. मग तेच एका हातात भाजीची पिशवी घेऊन करा. अंधारात करा. उजवा हात कुणीतरी घट्ट धरलेला असताना डाव्या हातानं करा. स्कूटरवर हेल्मेट घालून बसलेलं असताना करा. मागून मिठी मारल्यासारखं धरलं तर रिमोट कुठपर्यंत पोचतो तेही बघा.

या खेळाला काही खर्च येत नाही आणि खरेदीचा निर्णय बहुधा इथेच होतो. रिमोट पर्समधून वेळेत निघत नसेल तर महागातली स्टनगनही निघणार नाही. ती बाळगायची जागा मग एकच, हातात किंवा कुर्त्याच्या खिशात, आणि तीही फक्त त्या ठरावीक टप्प्यात: बसथांब्यापासून दारापर्यंत, पार्किंगमधून लिफ्टपर्यंत.

अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस डोळ्यांसमोर ठेवून आपण ही वस्तू घेतो, हेही जरा तपासून पाहायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा माणूस. अशा वेळी पर्स खुंटीला असते आणि स्टनगन पर्समध्ये. ओळखीच्या माणसावर ती उगारायला मनही सहज धजत नाही. त्या धोक्यावर दुसरेच उपाय आहेत: कुणाकडे एकटं जातोय ते दुसऱ्या कुणाला माहीत असणं, खटकलं की लाज न धरता उठून निघणं, आणि घरात ‘तो असं वागला’ म्हटल्यावर विश्वास ठेवणारं माणूस असणं. कोणतंही यंत्र विकत घेऊन हे मिळत नाही.

पायरी ४: कायदा दुकानदाराला विचारू नका

‘मॅडम, याला लायसन्स लागत नाही’ हे वाक्य काउंटरवर छातीठोकपणे सांगितलं जातं, पण दुकानदाराचा शब्द पोलीस ठाण्यात चालत नाही. ऑनलाइन विक्रीला आहे म्हणजे बाळगणं कायदेशीर, असंही नाही. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली तुमच्या मॉडेलचं काय, हे आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या. उत्तर येईपर्यंत बाळगू नका.

वापराचा प्रश्न वेगळा. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. त्यातलं कलम ३७ म्हणतं की बचावाला आवश्यक त्याहून जास्त इजा करता येत नाही. कलम ४० नुसार धोक्याची वाजवी भीती आहे तोवरच हक्क टिकतो. समोरचा पळत सुटला, खाली पडला, हात वर केले, की तुमचा हक्क संपला. त्यानंतरचा प्रत्येक झटका तुमच्याविरुद्ध जाईल. बाचाबाची, पार्किंगचं भांडण, जागेचा वाद यांत हे उपकरण बाहेर काढणं म्हणजे स्वतःवर गुन्हा ओढवून घेणं. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं अशाच एका वादात पेपर स्प्रे हे धोकादायक शस्त्र मानलं आणि तो मारणाऱ्यावरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. जिथे स्प्रेची ही कथा, तिथे शॉकची काय होईल ते ओळखा.

विमानानं जाताना स्टनगन घरी ठेवा. लिथियम बॅटरीवर चालणारी अशी उपकरणं केबिन बॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत.

परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी एक ठळक सूचना: ब्रिटनमध्ये स्टनगन आणि पेपर स्प्रे दोन्ही १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टखाली प्रतिबंधित शस्त्रं आहेत, आणि टॉर्च किंवा मोबाइलच्या रूपात लपवलेली स्टनगन तर अधिक गंभीर मानली जाते. आईनं प्रेमानं सामानात टाकलेली टॉर्च मँचेस्टरला पोरीला अटकेपर्यंत नेऊ शकते. कॅनडात ४८० मिलिमीटरपर्यंत लांबीची शॉक देणारी उपकरणं निषिद्ध आहेत, म्हणजे खिशात मावणारी सगळीच. जर्मनीत प्रौढांना चालतात, पण पीटीबी या संस्थेचा शिक्का लागतो. अमेरिकेत राज्यागणिक, कधी शहरागणिक नियम बदलतो. हवाईमध्ये २०२२ सुरू होईपर्यंत बंदीच होती.

पायरी ५: तरीही घ्यायचीच, तर काय पाहायचं

दोन खटके वेगळे हवेत: एक सेफ्टीचा, एक झटक्याचा. एकाच बटणावर चालणारी पर्समध्ये आपोआप सुरू होते. मनगटाला अडकवायच्या पट्ट्याला पिन असलेली निवडा. कुणी यंत्र हिसकावलं तर पिन पट्ट्याबरोबर तुमच्या हातात राहते आणि यंत्र बंद पडतं. माझ्या मते ही एक सोय बाकीच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा मोलाची आहे, कारण हाताच्या अंतरावरचं साधन हिसकावलं जाणं ही कल्पनेतली भीती नाही. टोकं पुढे आलेली हवीत, म्हणजे जीन्स किंवा जाकिटावर दाबता येतील. बॅटरी किती उरली ते दाखवणारा दिवा हवा. टॉर्चचा उजेड चांगला असेल तर उत्तम. रोजच्या रोज तोच उपयोगी पडणार आहे. लिपस्टिक किंवा मोबाइलच्या आकाराच्या गमतीदार वस्तू टाळा. त्या पकडायला अडचणीच्या, आणि पोलिसांना समजावायला त्याहून.

घरी आल्यावर महिन्यातून एकदा चार्ज करा आणि अर्धा-एक सेकंद हवेत चालवून बघा. जास्त वेळ हवेत कडकड चालवली तर आतलं सर्किट बिघडतं. स्वतःवर, भावावर, मैत्रिणीवर ‘बघू तरी’ म्हणून लावू नका. पेसमेकर असलेला, गरोदर बाई, लहान मूल यांच्या जवळपासही प्रयोग नको. ठिणगी खरी असते: पेट्रोल पंप, गॅसचा वास येणारं स्वयंपाकघर, नुकतंच सॅनिटायझर लावलेले हात, या सगळ्यांपासून लांब. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या पोलीस ठाण्यात २०२१ मध्ये एका माणसानं अंगावर सॅनिटायझर ओतून घेतलं, पोलिसांनी टेझर वापरला, तो पेटला आणि पुढे दगावला. म्हणूनच अल्कोहोल असलेला पेपर स्प्रे मारून वर स्टनगन लावणं हे दुहेरी संरक्षण ठरत नाही, आग लावणं ठरतं.

पेपर स्प्रेचा विषय निघालाच आहे तर: दोन-तीन मीटरवरून चालतो, समोरच्याचे डोळे मिटतात, आणि परिणाम काही सेकंदांत न संपता बराच वेळ टिकतो. वारा उलटा असेल किंवा बंद रिक्षा-लिफ्ट असेल तर तुम्हालाही लागतो, आणि डब्यावरची मुदत संपली की दाब जातो. तरी एकातच पैसे घालायचे असतील तर मी स्प्रेत घालीन. अंतर राखता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पायरी ६: प्रत्यक्ष वेळ आली तर

पहिलं काम अंतर वाढवणं. रस्ता ओलांडा, दुकानात शिरा, उजेडाकडे जा. दुसरं, मोठ्यानं बोला, आणि ‘वाचवा’पेक्षा नेमकं बोला: ‘निळा शर्ट, माझा हात सोड!’ आजूबाजूच्यांना कुणाकडे बघायचं ते कळतं. फोनवरची आपत्कालीन खूण आधीच शिकून ठेवा. पॉवर बटण किती वेळा दाबायचं ते तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये बघा. ११२ सगळीकडे चालतो, रेल्वेत १३९.

तो तरीही आला, तर ठिणगीचा आवाज हाच कदाचित तुमचा सगळ्यात चांगला वार ठरेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये निकाल दिलेल्या केटानो विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यातली बाई छळ करणाऱ्या जुन्या जोडीदाराला स्टनगन दाखवूनच वाचली होती. चालवावी लागलीच नाही. पण हे माघारीला जागा असलेल्या माणसाबाबत. दोन-तीन जण असतील, चाकू किंवा पिस्तूल असेल, तर स्टनगन काढू नका. पर्स, फोन, साखळी देऊन टाका.

त्यानं धरलंच असेल आणि सुटायला दुसरा मार्ग नसेल, तर टोकं मांडी, कंबर किंवा खांद्याच्या मांसल भागावर घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. नुसतं टेकवून काढलं तर तो फक्त दचकेल. तो झटकून दूर व्हायचा प्रयत्न करेल, म्हणून चार-पाच सेकंद संपर्क टिकवणं कागदावर सोपं आणि झटापटीत अवघड. मान, चेहरा, छाती टाळा. तिथे इजा गंभीर होऊ शकते आणि नंतर कोर्टात उत्तर द्यावं लागतं. त्यानं तुमचा हात धरला असला तरी करंट तुमच्यात येत नाही, कारण त्याचा रस्ता दोन टोकांमध्येच असतो. मात्र तुमचं बोट टोकांना लागता कामा नये. पकड ढिली पडली, की त्याच क्षणी पळा. पडलाय का, उठतोय का, बघायला थांबू नका. दुसरा झटका द्यायचा मोह तिथेच सोडा.

पायरी ७: नंतर

सुरक्षित जागी पोचल्यावर लगेच ११२ ला फोन करा, तुम्हीच आधी. तो जाऊन ‘हिनं मला शॉक दिला’ अशी तक्रार करायच्या आत तुमची हकिकत नोंदली गेलेली बरी. स्टनगन वापरली हे लपवू नका. तिचे दोन लाल ठिपके त्याच्या अंगावर राहतात आणि डॉक्टरला दिसतात. तुमच्या अंगावरचे ओरखडे, फाटलेली बाही, तुटलेली बांगडी यांचे फोटो काढा, कपडे धुऊ नका, सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. जबाबात क्रम नीट सांगा: तो काय बोलला, कुठे धरलं, तुम्ही किती वेळा ओरडलात, झटका कधी दिला, कधी थांबवला. यंत्र पुसू नका, चार्ज करू नका. पोलीस मागतील तेव्हा पंचनामा करून द्या आणि परवाना शाखेच्या उत्तराची प्रत सोबत ठेवा.